सुतळीने बांधलेला गठ्ठा

आमच्याकडे गोव्यात जुन्या पुस्तकांचा हंगाम चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी येतो. घराला रंग द्यायचा असतो, माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधण्यासाठी जागा मोकळी करायची असते, मुंबईची आणि परदेशातली भावंडे येणार म्हणून वर्षभर बंद असलेल्या खोल्या उघडायच्या असतात, आणि त्या उघडल्या की आधी कुबट वास बाहेर येतो व त्यामागोमाग पुस्तके. मग कोणीतरी कोणालातरी विचारते, की फोंड्याला ती शाळेच्या लायब्ररीतली बाई होती, ती अजून पुस्तके घेते का, आणि माझा फोन वाजतो. निवृत्त होऊन मला अकरा वर्षे झाली आणि त्यांतली दहा वर्षे मी जुनी पुस्तके घेते व विकते. दुकान नाही. घराच्या मागच्या खोलीत चार लोखंडी कपाटे आहेत, एक तराजू आहे, आणि व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांचा एक गट आहे, ज्यात दर रविवारी सकाळी मी दहा-बारा पुस्तकांची छायाचित्रे टाकते.

पुस्तके विकणाऱ्या घरांची तुलना माझ्याशी होत नाही, रद्दीवाल्याशी होते, हे मला फार लवकर कळले. रद्दीवाला सगळे उचलतो, वजन करतो, पैसे देतो आणि जातो; मी मात्र खाली बसून एकेक पुस्तक उघडते, त्यामुळे घरच्यांचा वेळ जातो आणि, का कोण जाणे, त्यांना आपली परीक्षा चालली आहे असे वाटते. म्हणून आता मीही सगळे उचलते. घरी आणून निवडते. साधारण एक तृतीयांश माल तसाच रद्दीत जातो, कारण पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या फळीवरची पुस्तके एकमेकांना चिकटून वीट झालेली असतात आणि वाळवीने बाहेरची कड शाबूत ठेवून आतून बोगदे पाडलेले असतात. वाळवीचे हे कसब पाहण्यासारखे असते. पुस्तक कपाटात अगदी सरळ उभे दिसते आणि हातात घेतले की पुठ्ठ्यांच्या मध्ये नुसती माती निघते.

जी पुस्तके वाचवण्यासारखी असतात त्यांतल्या किड्यांचा बंदोबस्त मी फ्रीझरमध्ये करते. पुस्तक आधी नीट सुकवायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करायचे आणि दोन आठवडे गोठवायचे. कसर आणि तिची अंडी दोन्ही त्यात मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर बाष्प धरते आणि केलेले सगळे पाण्यात जाते. यासाठी वेगळा फ्रीझर घेण्याइतका हा धंदा मोठा नसल्यामुळे घरच्याच फ्रीजमध्ये बांगडे आणि कादंबऱ्या शेजारी शेजारी राहतात, आणि आमचे यजमान दर बुधवारी बाजारातून आले की दारातूनच विचारतात, "नुस्तें खंय दवरूं?" (मासे कुठे ठेवू?)

गोव्यात जुन्या मराठी पुस्तकांत सर्वांत लवकर काय खपते, असे कोणी विचारले तर मी नाटक सांगेन. आमच्याकडे देवळाच्या जत्रेला आणि उत्सवाला गावच्या हौशी मंडळाचे नाटक होते, आणि बाजारातून कधीच गेलेली संगीत नाटके या मंडळांना दर हंगामात हवी असतात. ही पुस्तके इतर पुस्तकांसारखी जुनी होत नाहीत. माझ्याकडे आलेल्या एका नाटकाच्या प्रतीत तीन वेगवेगळ्या पेन्सिलींनी तीन वेगवेगळ्या प्रयोगांच्या काटछाटी होत्या: दुसऱ्या अंकातली दोन पदे एकाने गाळली होती, पुढच्याने त्यांतले एक परत घेऊन समासात "काळी चार" अशी गाण्याची पट्टी लिहिली होती, आणि तिसऱ्याने नायिकेच्या नावापुढे एका पुरुषाचे नाव लिहून ते खोडून दुसऱ्या पुरुषाचे लिहिले होते. ज्या मंडळाने ते पुस्तक विकत घेतले त्यांना या खुणा खोडरबराने पुसायच्या होत्या. मी हात जोडून विनंती केली की झेरॉक्स काढा आणि तिच्यावर काय ते लिहा. त्यांनी ऐकले की नाही ठाऊक नाही.

जे खपत नाही ते म्हणजे मोडलेले संच. आंबेडे गावात जन्मलेल्या पं. महादेवशास्त्री जोशी यांनी सिद्ध केलेल्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड आमच्या भागात अनेक घरांतून आहेत, कारण आपल्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाने केवढे काम केले याचा अभिमान सर्वांना होता. परंतु दहाच्या दहा खंड एका घरात सापडणे कठीण. एक काकांनी नेला, एक शाळेत दिला, एक भिजला. दहा खंडांना मी जी रक्कम देईन तिचा दहावा भाग सुट्या खंडाला मिळावा अशी घरच्यांची अपेक्षा असते आणि गणित म्हणून ती बरोबरही आहे. परंतु सुटा खंड नेमका तोच हवा असलेला माणूस येईपर्यंत कपाटात बसून राहतो, आणि असा माणूस माझ्याकडे दहा वर्षांत दोनदा आला. हे मी येथे मुद्दाम सांगते आहे, कारण पुस्तकाच्या संचाबद्दल जी गोष्ट मला पहिल्या वर्षी समजली, ती पत्रांबद्दल समजायला बराच उशीर लागला, आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

जुन्या पुस्तकाचे वय ओळखणे त्यामानाने सोपे आहे. वर्ष शके म्हणून छापलेले असेल तर त्यात ७८ मिळवायचे. किंमत रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचे, कारण तेव्हापासून दशमान नाणी आली, आण्यांच्या किमतीवर "न. पै." (नये पैसे) अशी चिठ्ठी डकवलेली असेल तर ते जुन्या साठ्यातून नव्या नाण्याच्या काळात विकले गेलेले. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत छापलेल्या पुस्तकाला तारीख पाहण्याचीही गरज पडत नाही, त्याचा कागदच बोटांत सांगतो. आवृत्तीच्या बाबतीत मात्र लोकांचा मोठा गैरसमज असतो, जुने म्हणजे मूळ. एकदा एका गृहस्थांनी मोठ्या उत्साहाने फोन केला, की फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्याची मूळ प्रत आमच्या घरात निघाली आहे. मी विचारले, लिपी कोणती? त्यांनी सांगितले, देवनागरी. ख्रिस्तपुराण पहिल्यांदा छापले गेले ते १६१६ साली गोव्यातच रायतूरला, रोमन लिपीत. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले, आणि या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला निघालेली आवृत्तीही रोमनच होती. देवनागरी पुस्तक आले ते १९५६ मध्ये पुण्याहून, आणि त्या गृहस्थांच्या घरात तेच निघाले होते. ते नाराज झाले, मी मात्र ती प्रत आनंदाने विकत घेतली, कारण तीही सहजासहजी मिळत नाही. ज्या भूमीवर १५५६ साली भारतातला पहिला छापखाना आला त्या भूमीवर त्या काळच्या मराठी छपाईचे एक पानही हाताला लागू नये, याचे दुःख कोणा एका विक्रेत्याने किती करावे?

वाचनालयाचा शिक्का असलेले पुस्तक मी घेत नाही, जोपर्यंत त्यावर ते निर्लेखित केल्याची, म्हणजे संग्रहातून रीतसर काढून टाकल्याची, नोंद नसते. पंचवीस वर्षे मी स्वतः अशा नोंदी केल्या आहेत, त्यामुळे या बाबतीत माझ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. आणखी एक तक्रार करून पुढे जाते: रजिस्टर्ड बुकपोस्टाची स्वस्त सोय २०२४ च्या अखेरीस बंद झाली, आणि त्यानंतर काही काळ साठ रुपयांचे पुस्तक नागपूरच्या वाचकाला पाठवायचे तर टपालाचा खर्च पुस्तकाला मागे टाकत असे.

आता पत्रांकडे येते.

पत्रे मागून मिळत नाहीत. ती पुस्तकांबरोबर येतात: खूण म्हणून पानांत घातलेले पोस्टकार्ड, मागच्या पुठ्ठ्याच्या आत दडलेले आंतर्देशीय, आणि कधीकधी पुस्तकांच्या मागे, कपाटाच्या तळाशी, सुतळीने बांधलेला अख्खा गठ्ठा. २०१६ च्या पावसाळ्यात बार्देश तालुक्यातल्या एका घरातून पुस्तकांची नऊ पोती आणली, त्यांत असा गठ्ठा होता. घर एका शिक्षकाचे होते. पोर्तुगीज अमदानीत आणि मुक्तीनंतरची काही वर्षे त्यांनी मराठी शाळा चालवली, गावच्या वाचनालयाचे काम पाहिले आणि स्वतः थोडेफार लिहिले, जे फारसे कोठे छापले गेले नाही. गठ्ठ्यात एक्केचाळीस पत्रे होती. बहुतेक साधी होती, म्हणजे शाळेच्या मदतीबद्दल, मागवलेल्या पुस्तकांच्या पार्सलाबद्दल, कोणाच्या लग्नाबद्दल. सहा पत्रे मात्र तेव्हा गोव्यातच राहणाऱ्या एका कवीची होती, ज्यांचे नाव मराठी कविता वाचणाऱ्या कोणालाही ऐकून ठाऊक असते. येथे ते मी देत नाही, कारण पुढे जे घडले त्यात त्यांचा काही दोष नाही आणि माझा सगळा आहे.

घरच्यांना पत्रे नको होती. त्यांनी तसे स्पष्ट सांगितले आणि पुस्तकांच्या रकमेतच ती मला मिळाली. मी सहा पत्रे बाजूला काढली. पाकिटांना बुरशी लागली होती आणि आतले कागद चांगले होते, म्हणून कागद काढून घेऊन मी पाकिटे टाकायला ठेवली. माझ्या भाच्याला तेव्हा तिकिटे गोळा करण्याचे वेड होते, त्याने पाकिटांवरची तिकिटे कात्रीने कापून घेतली आणि उरलेले कागद केरात गेले. पत्रांची छायाचित्रे मी दोन-तीन ठिकाणी पाठवली, आणि आठवड्याच्या आत मुंबईच्या एका संग्राहकांनी सहा पत्रांचे नऊ हजार रुपये दिले. माझ्या तोवरच्या व्यवहारात एवढी रक्कम एकदम कधी आली नव्हती. त्या पैशांतून मी दोन लोखंडी कपाटे घेतली, ती अजून आहेत.

सुमारे दीड वर्षाने त्या कवीवर प्रबंध लिहिणाऱ्या एका मुलीचा फोन आला. तिने संग्राहकांकडे पत्रे पाहिली होती. सहापैकी चार पत्रांवर तारीख नव्हती. कवी "सोमवार, सकाळ" किंवा "गुरुवारी रात्री, दिवा जवळ घेऊन" असे लिहून मोकळे झाले होते. त्यांतल्या एका पत्राच्या शेवटी एका कवितेच्या आठ ओळी होत्या, आणि त्या छापील पाठापेक्षा वेगळ्या होत्या. तिचा प्रश्न अगदी साधा होता: ही कविता छापण्याआधीचा खर्डा आहे, की छापून झाल्यावर कवीने त्यात बदल केला? पत्र केव्हाचे आहे हे कळले तर उत्तर मिळणार होते. ती म्हणाली, "बाई, पाकीट असेल ना?"

पाकिटाचे महत्त्व मला ठाऊक नव्हते असे नाही, ते त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही, एवढेच. पोस्टकार्डावर किंवा आंतर्देशीय पत्रावर मजकूर आणि टपालाचा शिक्का एकाच कागदावर असतात, त्यामुळे त्यांची फारकत होत नाही. पाकिटातल्या पत्राचे तसे नसते. आणि गोव्याच्या बाबतीत तर तिकीटही बोलते, कारण १९५८ अखेरपर्यंत येथली तिकिटे रैस, तांगा आणि रुपया या नाण्यांत असत (तांगा म्हणजे घोड्याचा नव्हे, रुपयाचा सोळावा भाग), १९५९ पासून एस्कुदो आणि सेंतावो आले, आणि मुक्तीनंतर भारतीय तिकिटे. म्हणजे शिक्का पुसट असला तरी नुसत्या तिकिटावरून पत्र या तीन कालखंडांपैकी कोठले ते सांगता येते. मजकुरावरून तर्क करावा, तर पोर्तुगीज अमदानीतल्या पत्रांत लोक बाहेरच्या घडामोडी नावानिशी लिहायचे टाळत. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच पत्रांत "तिकडची मंडळी" आणि "तो विषय" एवढ्यावरच भागवलेले असते. जेथे मजकूर मुद्दाम गप्प राहतो तेथे पाकिटाचाच काय तो आधार.

मी भाच्याचा अल्बम मागवला. सहापैकी चार तिकिटे त्याने जपून ठेवली होती, बाकीची दोन शाळेत अदलाबदलीत गेली होती. चारही सेंतावोंची, म्हणजे १९५९ च्या आधीची नक्कीच नव्हेत. परंतु तिकिटे तिकिटाच्याच कडेने कापलेली असल्यामुळे प्रत्येकावर शिक्क्याचा अर्धा वर्तुळाकार तुकडा राहिला होता: एकावर गावाच्या नावाची शेवटची तीन अक्षरे, एकावर नुसता महिना, एकावर ठळक असा "५" आणि त्याच्या पुढे कात्रीची धार. तो पाच दिवसाचा, की वर्षातला? आणि मुळात कोणते तिकीट कोणत्या पत्राच्या पाकिटावरचे होते, हे आता कोण सांगणार? भाचा तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याने विचारले, "मावशी, माझे काही चुकले का?" मी म्हटले, तुझे नाही.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. मुलीच्या फोननंतर मी उरलेली पस्तीस पत्रे पहिल्यांदा सलग वाचली. गुरुजींना सवय होती की आलेल्या पत्राला काय उत्तर द्यायचे त्याचा कच्चा खर्डा ते हाताशी असेल त्या कागदाच्या पाठीवर लिहीत, आणि तो कागद बहुधा दुसऱ्याच कोणाचे तरी जुने पत्र असे. पुस्तकांच्या पार्सलाबद्दल एका विक्रेत्याने लिहिलेल्या पत्राच्या पाठीवर गुरुजींचे कवीला दिलेले उत्तर होते: "आपल्या आठ ओळी मिळाल्या. तिसरी ओळ पूर्वीचीच बरी होती असे धारिष्ट करून लिहितो." विक्रेत्याच्या पत्रावर तारीख होती. म्हणजे ज्या पस्तीस कागदांना मी "साधी पत्रे" म्हणून बाजूला ठेवले होते त्यांत उत्तराचे अर्धे धागे होते. मी त्या मुलीला तो कागद पाठवला. तिने मुंबईला संपर्क केला, तर संग्राहकांनी दरम्यान सहापैकी तीन पत्रे, त्यात ते आठ ओळींचेही, दुसऱ्या कोणाला दिली होती आणि नाव सांगण्याची त्यांची तयारी नव्हती. तिच्याजवळ आधी काढलेले छायाचित्र होते म्हणून निदान मजकूर तरी हाती राहिला.

गुरुजींचे ते वाक्य मला पत्रव्यवहाराच्या बाजारातली सगळ्यात मोठी चूक दाखवून गेले. बाजार सहीला पैसे देतो. नामवंताची सही असलेला कागद म्हणजे माल, आणि ज्याला तो लिहिला त्याचे सगळे कागद म्हणजे वेष्टन. वस्तुतः गठ्ठा ज्याने बांधला तो पत्र घेणारा होता, लिहिणारा नव्हता. काय ठेवायचे, कोणत्या क्रमाने ठेवायचे, कोणत्या पत्राशेजारी कोणते ठेवायचे, हे त्याने ठरवलेले असते. जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे खंडाखंडांनी आज आपल्याला वाचायला मिळतात ती ज्यांना लिहिली त्यांनी सांभाळली म्हणून. आमच्याकडच्या एखाद्या गुरुजींची सुतळी सोडताना हे कोणाला आठवत नाही, मलाही आठवले नाही.

तेव्हापासून मी पत्रे सुटी विकत नाही. पुस्तकांच्या संचासारखे नव्हे, त्याहून कडक: गठ्ठा जसा आला तसा, पाकिटांसह, बुरशीसह, त्यात मध्येच निघालेल्या वाण्याच्या बिलासह. त्यामुळे माझे गिऱ्हाईक कमी झाले, हे प्रामाणिकपणे सांगते. संग्राहकाला एक कागद चौकटीत लावायचा असतो, त्याला चाळीस कागदांचे काय? उलट ग्रंथालयाला गठ्ठा हवा असतो परंतु त्यासाठी रक्कम मंजूर व्हायला दोन पावसाळे जातात.

काही गोष्टी मी या काळात शिकले, त्या पत्रे घेणाऱ्यांच्या आणि देणाऱ्यांच्याही उपयोगाच्या आहेत. पत्राचा कागद ज्याला पत्र लिहिले त्याचा, परंतु त्यातल्या शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. म्हणून कागद विकत घेतला की मजकूर छापण्याचा अधिकारही आला, असे होत नाही. उदाहरणार्थ, कवी बाकीबाब (बा. भ.) बोरकर १९८४ साली गेले, तेव्हा त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा स्वामित्वहक्क २०४४ संपेपर्यंत आहे. हयातीत अप्रसिद्ध राहिलेले पत्र मात्र ज्या वर्षी प्रथम छापले जाईल त्या वर्षानंतरची साठ वर्षे धरावी लागतात. दुसरे म्हणजे, वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित वा कागदपत्र पंच्याहत्तर वर्षांचे झाले की ते १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येते, त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ते खासगी रीतीने देशाबाहेर पाठवता येत नाही. माझ्याकडे असा परवाना नाही. ही रेषा दरवर्षी एका वर्षाने पुढे सरकते, त्यामुळे दर जानेवारीत माझ्या कपाटातला एखादा कागद विक्रीच्या बाहेर जातो, आणि खरे सांगायचे तर मला ते बरे वाटते. तिसरे खास आमच्या गोव्याचे आहे: १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतून आलेल्या वारसापद्धतीत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो, वाटणीआधी सगळे जण सामाईक मालक असतात, आणि वारसाची बायको किंवा नवरा यांचाही सहसा त्यात हिस्सा असतो. बार्देशातल्या त्या घरात मी एका भावाच्या शब्दावर पत्रे उचलली. बहिणीला नंतर कळले. तिने भांडण केले नाही, फक्त एकदा फोन करून विचारले की बाबांच्या हातचे काही शिल्लक आहे का. तेव्हा ते पस्तीस कागद मी तिला परत केले, आणि त्याबद्दल पैसे घेतले नाहीत.

खोटी पत्रेही येतात. एका थोर लेखकाचे म्हणून दाखवलेले एक पत्र १९६८ ची तारीख मिरवत होते आणि पत्त्यात ४०३००१ असा पणजीचा पिनकोड होता; पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. विकणारे गृहस्थ म्हणाले, तारीख लिहिताना चुकली असेल. असेलही. मी चहा घेऊन उठले. लॅमिनेट केलेले पत्र मी खरे असले तरी घेत नाही, कारण त्या प्लॅस्टिकमधून ते पुन्हा कधी बाहेर येत नाही. टाचण्या काढून ठेवाव्यात, चिकटपट्टी लावू नये, आणि डांबरगोळी कागदाला टेकू देऊ नये.

मागच्या आठवड्यात पुन्हा एक फोन आला, या वेळी सावईवेऱ्याच्या पलीकडून. जुने घर, अंगणात तुळस, ओटीवर पंख्याखाली गठ्ठे मांडून ठेवलेले. पुतण्याने एक यादी आधीच काढली होती: नावाजलेल्यांची पत्रे वेगळी, बाकीची वेगळी. मी पहिल्यांदा यादी पाहिली नाही, सुतळी पाहिली. ती मूळचीच होती, गाठीपाशी काळी पडलेली, आणि निवडलेली पत्रे तिच्याबाहेर वर ठेवलेली होती. मी विचारले की ही कुठून काढली ते आठवते का. तो मुलगा हुशार, त्याने काढताना प्रत्येक पत्राच्या जागी कागदाची चिठ्ठी घातली होती. "बाई, रद्दीवाल्यानेसुद्धा नावाच्या पत्रांचे वेगळे पैसे देतो म्हणून सांगितले," तो म्हणाला. मी त्याला अख्ख्या गठ्ठ्याची रक्कम सांगितली, जी त्याच्या अपेक्षेपेक्षा कमी होती, आणि त्यातली पंच्याहत्तर वर्षे उलटलेली पत्रे मला विकता येणार नाहीत, ती थेट पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला द्यावीत, हेही सांगितले. तो विचारात पडला. आतून त्याच्या आजी म्हणाल्या, की लिस्बनच्या आत्याला विचारल्याशिवाय काही हलणार नाही, आणि ती चवथीला येते आहे.

तेव्हा आम्ही दोघांनी बसून पत्रे चिठ्ठ्या पाहून एकेक करून परत जागच्या जागी घातली. सव्वा तास लागला. गठ्ठा त्यांच्याच कपाटात आहे. सुतळी तेवढी थोडी सैल करून आले, कारण वरच्या आणि खालच्या पाकिटांच्या कडा तिने कापत आणल्या होत्या.